अंगणातलं इंजिन

उंब्रजला आमच्या घरामागं चिंचेचं जुनं झाड आहे. 2021 च्या दिवाळीत त्याच्या आडव्या फांदीला चेनकप्पी बांधून मी आणि माझ्या थोरल्या चुलतभावानं एका जुन्या झेनचं इंजिन बाहेर काढलं. फांदी करकरली तशी काकू स्वयंपाकघरातनं ओरडली, "आरं, झाड मोडशीला की रं!" झाड मोडलं नाही. मोडलं ते आमच्या दोघांमधलं काहीतरी, आणि तेही तीन महिन्यांनी. त्याबद्दल लिहायचंय.

दादा एमआयडीसीत टर्नर आहे. हातात कला आहे, पगारात नाही. लहानपणापासून त्याला एकच वेड, स्पोर्ट्स कार. ती विकत घेणं या जन्मात शक्य नाही हे कळल्यावर त्यानं ठरवलं की आपण ती घरी करायची. ऐकायला येडपट वाटतं, पण त्यात तथ्य होतं. स्पोर्ट्स कार म्हणजे भलंमोठं इंजिन असलंच पाहिजे असं काही नाही. गाडी हलकी हवी आणि तिच्या वजनाच्या मानानं ताकद जास्त हवी. गोव्यात सॅन मोटर्सनं सॅन स्टॉर्म नावाची दोन सीटची गाडी काढली होती. तिची बॉडी फायबरची आणि इंजिन रेनोचं, फक्त 1.2 लिटरचं. दादाकडं तिचं मासिकातलं कात्रण आहे, लॅमिनेट केलेलं.

तर झेन. तिचं मूळ इंजिन 993 सीसीचं. मारुतीच्याच एस्टीमचं 1298 सीसीचं. दोन्ही सुझुकीच्या एकाच घराण्यातली, त्यामुळं धाकट्याचा सदरा काढून थोरल्याला घालावा तसं थोडं ओढूनताणून बसतं. ताकद साधारण 50 हॉर्सपॉवरवरून 85 वर जाते. आम्ही कोल्हापुरातल्या एका भंगारवाल्याकडून एस्टीमचं इंजिन आणलं. हेड उतरवलं, व्हॉल्व्ह घासून बसवले, रिंगा बदलल्या, पोर्ट आतून गुळगुळीत केले. माउंटिंगचं काम दादानं लेथवर आणि वेल्डिंगवर उरकलं. खरा जीव खाल्ला तो वायरिंगनं. आमची झेन कार्ब्युरेटरची, नवं इंजिन इंजेक्शनचं. त्याला ईसीएम लागतो, सेन्सर लागतात, टाकीत इलेक्ट्रिक पंप लागतो. तीन आठवडे मी मोबाईलवर सर्किटचा फोटो मोठा करून एकेक वायर शोधत होतो. मी तेव्हा कराडला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. खरं सांगायचं तर चार वर्षांत कॉलेजात जेवढं शिकलो नाही तेवढं त्या चिंचेखाली शिकलो.

ज्या रात्री ते इंजिन पहिल्यांदा धरलं (आमच्याकडं इंजिन 'चालू होतं' म्हणत नाहीत, 'धरतं' म्हणतात) तेव्हा दादाच्या डोळ्यांत पाणी होतं. धुरानं असेल.

ब्रेक मात्र झेनचेच राहिले. एस्टीमचे बसवायचं ठरलं होतं, पण पैसे संपले. "पुढच्या बोनसला बघू," दादा म्हणाला. मी मान डोलावली.

त्याच डिसेंबरात दोन बातम्या आल्या. आमच्या घरात त्या दोन्हींवरून कडाकडा भांडणं झाली. पहिली आली 16 तारखेला. सुप्रीम कोर्टानं महाराष्ट्रात बैलगाडा शर्यतींना अटींसह परवानगी दिली. 2014 पासून बंदी होती. आमचे तात्या, म्हणजे दादाचे वडील, शर्यतीचे शौकीन. त्यांनी पेढे वाटले. दुसरी बातमी त्याच आठवड्यातली. देवराष्ट्र्याच्या दत्तात्रय लोहारांची छोटी जीप. देवराष्ट्रे सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात, सागरेश्वर अभयारण्याच्या कुशीत. यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव म्हणून आम्हाला शाळेपासून पाठ. तिथल्या या लोहारांनी मुलाच्या हट्टासाठी भंगारातल्या भागांतून जीप बनवली होती. खर्च साधारण 60 हजार. ती चक्क किक मारून चालू व्हायची. व्हिडिओ देशभर फिरला. आनंद महिंद्रांनी कौतुक केलं आणि म्हणाले की ही गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या तिला रस्त्यावरून हटवतील, तेव्हा ती मला द्या, मी बदल्यात बोलेरो देतो. जानेवारी 2022 मध्ये लोहार कुटुंबाला बोलेरो मिळाली.

सगळ्या गावाला वाटलं, लॉटरी लागली. दादा मात्र दोन दिवस गप्प होता. मग म्हणाला, "बोलेरो कुणाला बी मिळती, पैसं टाकलं की. त्यानं केल्याली गाडी जगात एकच हुती. आन् तीच रस्त्यावर नको."

हे वाक्य माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. कारण त्याचं म्हणणं चूक नव्हतं.

कायदा काय म्हणतो ते मी तेव्हाच शोधलं. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52. उत्पादकानं ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकानं गाडीत करायचा नाही. जानेवारी 2019 मध्ये केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टानं हे आणखी घट्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं शिक्षाही ठरली. दर बदलामागं 5,000 रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. म्हणजे आमचं इंजिन, पंप, सायलेंसर... बोटं मोजत बसलो तर दादाचा पगार पुरला नसता.

पण याच कायद्यात मान्यताप्राप्त सीएनजी किट बसवायला वाट ठेवलेली आहे. म्हणजे कायद्याचा हट्ट 'मूळ ते पवित्र' असा नाही. त्याचं म्हणणं एवढंच, की बदल कुणीतरी तपासलेला हवा. कंपनीची नवी गाडी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत ब्रेकपासून धुरापर्यंत तपासली जाते. मग दादाची का तपासत नाहीत? जर्मनीत घरी बदललेली एकटी गाडी घेऊन माणूस तपासणी केंद्रात जाऊ शकतो. ब्रिटनमध्ये स्वतः बांधलेल्या गाडीलाही तपासणी पास केली की नंबर मिळतो. आपल्याकडं हजारो गाड्या बनवणाऱ्यासाठी दार आहे. एक गाडी बनवणाऱ्यासाठी साधी खिडकीही नाही. लोहारांना शाबासकी मिळाली, बोलेरो मिळाली, पण "आण तुझी गाडी, ब्रेक बघू" असं म्हणणारं कुणी नव्हतं. मला हा अन्याय वाटतो. आजही.

आता ती रात्र. फेब्रुवारीचा पहिला शनिवार. 'चाचणी' म्हणून आम्ही गाडी बाहेर काढली. हायवेनं आमच्या गावाचे दोन भाग केलेत. एका बाजूचा माणूस दुसऱ्या बाजूच्या दुकानात जायचा तर रस्ता आडवा येतो. आम्ही साताऱ्याच्या दिशेनं गेलो, वळून परत आलो. काटा 120 वर होता. दादा हसत होता. मीही हसत होतो, ते कबूल करायला हवं. त्या गाडीचा आवाज आणि तो धक्का, पाठ सीटला चिकटवणारा, त्याच्यासारखं सुख मला दुसरं माहीत नाही.

गावाजवळ एक म्हातारबाबा दुधाची किटली घेऊन रस्ता ओलांडत होते. दादानं ब्रेक दाबला. गाडी सरळ राहिली, हे त्याचं कौशल्य. पण ती थांबली ते म्हातारबाबा जिथं उभे होते त्याच्या पुढं. बाबा तिथं नव्हते. आवाज ऐकून दोन पावलं मागं सरकले होते. किटली हातातच होती. ते आमच्याकडं बघून काही बोलले नाहीत. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

घरी येऊन मी वहीत गणित केलं. चांगल्या रस्त्यावर, चांगल्या ब्रेकनं, 80 च्या वेगाला ब्रेक दाबल्यापासून थांबायला साधारण 36 मीटर लागतात. 120 ला 81. वेग दीडपट, अंतर सव्वादोनपट. त्याआधी पाय ब्रेकवर जायला एक सेकंद धरला तर आणखी 33 मीटर गाडी तशीच धावणार. हे सूत्र मी अकरावीत पाठ केलं होतं. जुन्या ब्रेकवर नवं इंजिन बसवताना ते मला माहीत होतं. नोव्हेंबरातच.

दादा म्हणाला, "अरं, आवाजामुळंच वाचला की म्हातारा. कंपनीची गाडी आसती तर कळलं बी नसतं त्याला."

या युक्तिवादाला माझ्याकडं पटकन उत्तर नव्हतं. दादाचा दुसरा मुद्दा तर आणखी तिखट होता. कोट्यवधीची गाडी अडीचशेनं पळू शकते, ती शोरूममधून पावतीसह मिळते. ती कायदेशीर. आणि आपली 85 घोड्यांची झेन गुन्हेगार. "पैसेवाल्याचा वेग तो वेग, आन् आपला तो माज?"

उत्तर मला मिळालं ते तात्यांकडून. तेही त्यांना देण्याचं मनात नसताना. शर्यतीवरून वाद चालला होता. मी म्हणालो, तात्या, बैलाला पळायचंय का नाही हे कुणी विचारलं? तात्या भडकले. बैलाला आम्ही पोरासारखा जपतो, काठी लावत नाही, वगैरे वगैरे. मग थांबून म्हणाले, "आन् घाट बांधल्याला आसतू. बघणारा बघायला येतू. रस्त्यावर न्हाय पळवत कुणी."

बैलाचा प्रश्न त्यानं सुटला नाही. मे 2023 मध्ये घटनापीठानं शर्यती वैध ठरवल्या, तरी माझ्यापुरता तो सुटलेला नाही. पण आमचा थोडा सुटला. अंगणात दादा जे करत होता त्याला धोका होता तो त्याच्या बोटांना, माझ्या बोटांना आणि चिंचेच्या फांदीला. आम्ही तिघंही (फांदी सोडून) राजी होतो. तिथं सरकारनं नाक खुपसायचं कारण मला आजही दिसत नाही. फाटकाबाहेर गाडी गेली की सौद्यात एक तिसरा माणूस येतो, दुधाची किटली घेऊन. त्याला आमच्या इंजिनाचा आनंद मिळणार नाही, धोका मात्र मिळणार, आणि त्याला विचारलेलं नाही. अडीचशेच्या गाडीबद्दलही त्याला विचारलेलं नाही, हे खरंच. पण तिचे ब्रेक त्या वेगासाठी बनवून कुणीतरी तपासलेत. श्रीमंताचा माज त्यानं माफ होत नाही. फक्त आमची चूक त्याच्या मागं लपवता येत नाही.

आणि एक गोष्ट मला जास्त टोचते. कायदा दादाला आणि मला एकाच तराजूत तोलेल, किंबहुना मालक म्हणून त्यालाच पकडेल. पण दादाला ती आकडेमोड येत नव्हती. त्याला वाटलं होतं, चालवणारा चांगला असला की झालं. मला येत होती. मी गप्प बसलो, कारण बोललो असतो तर गाडी बोनसपर्यंत उभी राहिली असती आणि मलाही ती चालताना बघायची घाई होती. अज्ञानाला एकदा माफी मिळेल. शिकलेल्याच्या गप्प बसण्याला काय म्हणायचं?

हे सगळं मी दादाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "तू इंजिनेर झालास." दोन वर्षं आम्ही कामापुरतंच बोललो. गाडी ताडपत्रीखाली.

गेल्या दिवाळीत पुण्याहून घरी गेलो तर ताडपत्री निघालेली. पुढं एस्टीमच्या डिस्क, कॅलिपर, नवा मास्टर सिलेंडर. दादा गाडीखाली आडवा. कागदोपत्री ती अजूनही बेकायदाच आहे, ब्रेकचा आणखी एक बदल वाढला एवढंच. मी विचारलं, बाहेर काढणार का? तो म्हणाला, "आधी हवा तर काढू."

ब्रेकच्या लाईनमधली हवा काढायला दोन माणसं लागतात. एकानं आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्यानं चाकाशी निपल सोडायचं. मी आत बसलो. फाटक बंद होतं.

"दाब," खालून आवाज आला. "धर. धरून ठेव."

मी धरून ठेवलं.