विटांचा हिशेब



आपल्या धर्मग्रामातील काही मुले भिवंडीच्या गोदामांत गाड्या भरण्याच्या कामाला नुकतीच लागली आहेत. तासाला किती खोकी झाली ते स्कॅनर मोजतो आणि नवा मुलगा मागे पडला की स्वतःलाच नालायक समजू लागतो. निर्गमाच्या पाचव्या अध्यायात फारो पेंढा देणे बंद करतो, विटांची संख्या मात्र तीच ठेवतो. परमेश्वराने विटा मोजल्या नाहीत. त्याने आक्रोश ऐकला. काम माणसासाठी असते, असे पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1981 च्या परिपत्रकात शिकवले. आपण मात्र घरी पगारच विचारतो! मुलांनो, आकड्यासाठी कंबर मोडून घेऊ नका; गुडघे वाकवून ओझे उचला, हाताला सवय हळूहळूच होते. आजच्या मिस्सामध्ये आपण त्यांची नावे घेऊ या.