मालक दिसत नाही म्हणून

घराबाहेरच्या रस्त्यावर एक मोटार कित्येक आठवडे एकाच जागी उभी आहे. काचेवर पाने चिकटली आहेत, वॉरंट ऑफ फिटनेसची मुदत संपून गेली आहे, आणि ती कोणाची हे शेजारीपाजारी कोणालाच ठाऊक नाही. ऑकलंडपासून डनेडिनपर्यंत न्यूझीलंडच्या उपनगरांत हे दृश्य नवे नाही. अशा वेळी आपले कर्तव्य काय, हा प्रश्न मी वाचकांपुढे ठेवीत आहे. प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु आपल्या शास्त्रकारांनी याच जातीच्या प्रश्नावर पुष्कळ खल केला आहे.

अनुवादाच्या २२ व्या अध्यायात आज्ञा आहे की, भावाचा भटकलेला बैल दिसल्यास डोळेझाक करू नये. भाऊ जवळ राहत नसेल, ओळखीचाही नसेल, तर तो शोधीत येईपर्यंत जनावर आपल्या घरी सांभाळावे. पण हरवलेले म्हणायचे कशाला? बावा मेत्सियाच्या दुसऱ्या अध्यायात मिश्ना सांगते: गाढव वाटेवर चरत असेल तर ते हरवलेले नव्हे, त्याच्या पाठीवरचे सामान उलटेपालटे झाले असेल तर हरवलेले. किती मार्मिक पारख ही! नीट लावलेली, कुलूप घातलेली मोटार म्हणजे चरणारे गाढवच. तिच्यावर धूळ बसली म्हणून ती बेवारशी ठरत नाही. काच फुटली, चाके काढून नेली, म्हणजे मात्र सामान उलटले असे समजावे.

मालक कोठे असेल याचा विचार आपण फारसा करीत नाही. तो इस्पितळात असेल, कामासाठी ऑस्ट्रेलियाला गेला असेल. एखाद्या म्हाताऱ्या बाईला वृद्धाश्रमात नेले असेल आणि तिची गाडी मागे राहिली असेल. भाडे परवडत नाही म्हणून मोटारीतच रात्र काढणारी माणसेही या सुखवस्तू देशात आहेत. तेव्हा फोन उचलण्याआधी चार दारे ठोठवावीत. आपल्या कोकणातल्या आळीत हे सांगावे लागले नसते. तेथे कोणाची गाडी कोठे आहे हे गाडीवाल्याच्या आधी शेजाऱ्यांना कळते! इकडे शेजाऱ्याचे दार ठोठावणे म्हणजे आगाऊपणा वाटतो, आणि कौन्सिलला कळविणे सभ्यपणा. मला हे उलटे वाटते.

कौन्सिलला कळवू नये, असे मात्र नाही. रस्त्यावर टाकून दिलेल्या वाहनांची तरतूद १९७४ च्या लोकल गव्हर्नमेंट अ‍ॅक्टच्या ३५६ व्या कलमात आहे. शिवाय १ मे २०११ पासून वाहनांच्या नोंदवहीतील नाव-पत्ता तुम्हा-आम्हाला पूर्वीसारखा मिळत नाही, म्हणून शोधाचे ते काम अखेर अधिकाऱ्यांनीच करावयाचे. गाडी चोरीची असल्याचा संशय असेल तर पोलिसांचा १०५ हा क्रमांक आहे. गाडी कोणाच्या फाटकापुढे वाट अडवून उभी असेल तर तिष्ठत बसण्याचेही कारण नाही. रस्ता सर्वांचा आहे, आणि सोय एकट्या मालकाचीच पाहावी असे कोणी म्हणत नाही.

परस्पर भंगारवाल्याला बोलावणे ही मात्र शुद्ध चोरी. 'पडूनच तर होती' हे त्यावर उत्तर नव्हे. वस्तूवर ओळखीची खूण असेल तर सापडली म्हणून ती आपली होत नाही, उलट पुकारा करावा लागतो, हा आपला जुना नियम. आणि नंबर-प्लेटीइतकी स्पष्ट खूण दुसरी कोणती?

आपल्या वडीलधाऱ्यांना कोंडवाडा आठवत असेल. १८७१ च्या कायद्याप्रमाणे भटके गुरू तेथे कोंडले की सात दिवस वाट पाहायची. कोणी आले नाही तर पोलिसांना वर्दी, मग गावात व बाजारात दवंडी, आणि आणखी सात दिवसांनी लिलाव. दंड व चाऱ्याचा खर्च मालकाच्या माथी बसे, पण त्याच्या कानावर जावे म्हणून ढोल वाजविला जाई.

वाट किती पाहायची? मिश्नात यावर दोन मते आहेत. रिब्बी मेइर म्हणतात, शेजाऱ्यांना कळेपर्यंत पुकारावे. रिब्बी येहुदा म्हणतात, तीन सण, आणि शेवटच्या सणानंतर आणखी सात दिवस. सातच का? मालकाला घरी जाऊन पाहायला तीन, परत यायला तीन, आणि 'माझे आहे' म्हणायला एक. हा हिशेब मला फार आवडतो. आपल्याला किती दिवस खटकले हे त्यात मोजलेले नाही. हरवलेल्याचे घर किती लांब आहे, हे मोजले आहे.

तेव्हा दारे ठोठावून झाली आणि कोणी सापडले नाही, तर काचेवर एक चिठ्ठी ठेवावी: गाडी कधीपासून पाहत आहोत, कौन्सिलला कोणत्या तारखेला कळविणार आहोत, आणि आपला फोन नंबर. भाषा तक्रारीची नसावी. चिठ्ठी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वायपरखाली नीट दाबावी. वेलिंग्टनच्या वाऱ्यापावसात साधा कागद एक रात्रही टिकत नाही.