स्वदेशी वस्तूचे मोल आणि दातृत्वाचा अभिमान

तंजावूरच्या बृहदीश्वराचे दर्शन घेऊन बाहेर पडलेला यात्रेकरू गृहस्थ बाजारात एखाद्या चित्रांच्या दुकानाशी थांबतो, तेव्हा वरवर क्षुल्लक वाटणारा, पण विचार करू लागल्यास चांगलाच अडवून धरणारा एक प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो. बालकृष्णाची दोन चित्रे शेजारी शेजारी टांगलेली असतात. एक फणसाच्या फळीवर कापड चिकटवून, खडूची पूड व डिंक यांच्या लेपाने उठाव देऊन, त्यावर सोन्याचा वर्ख व रंगीत खडे बसवून कारागिराने कित्येक दिवस खपून केलेले असते. दुसरे छापील असते आणि त्याचे सोने म्हणजे चकचकीत कागद. चार पावले दुरून दोन्ही सारखीच दिसतात. किमतीत मात्र अनेक पटींचे अंतर असते.

अशाच एका प्रसंगी आमच्या सोबतच्या गृहस्थांनी पहिल्या चित्राकडे बोट दाखविले, तोच त्यांच्या पत्नी हळूच म्हणाल्या, "अहो, एवढ्या पैशांत मुलाची वर्षाची पुस्तके येतील." या वाक्याला संकुचितपणा म्हणून हसण्याचा अधिकार कोणालाही नाही. देशातील स्थळे पाहा, देशी माल घ्या, असा उपदेश आपण नित्य ऐकतो. १५ ऑगस्ट २०१९ रोजी पंतप्रधानांनीही लाल किल्ल्यावरून, २०२२ पर्यंत देशातील निदान पंधरा स्थळे पाहावीत, असे नागरिकांना सांगितले होते. उपदेश योग्यच आहे. परंतु त्याचा खर्च कोणाच्या तरी पिशवीतून जातो, हे उपदेश करणारे बहुधा सांगत नाहीत.

पूर्वी हा खर्च राजे करीत, असे आपण म्हणतो. राजराज चोळाने १०१० च्या सुमारास पूर्ण केलेल्या या मंदिराच्या भिंतींवर दाने कोरलेली आहेत. सेवेसाठी आणलेल्या चारशे नर्तकींना दिलेल्या घरांची नोंदही तेथे आहे. तथापि हे धन आले कोठून? मंदिराला लावून दिलेल्या गावांतून, आणि त्यांत काही गावे थेट सिंहल बेटातली होती. तेथल्या शेतकऱ्याला कोणी विचारले होते? पुढे १६७६ च्या सुमारास व्यंकोजीराजांनी येथे भोसल्यांचे राज्य स्थापिले, आणि या चित्रकलेला व संगीताला मराठी दरबाराचा आश्रय लाभला. सरफोजीराजांच्या काळी, १७९९ च्या करारानंतर, कारभार कंपनी सरकारच्या हाती गेला. १८५५ मध्ये उरलेले नामधारी राज्यही खालसा झाले. दरबार गेला, कारागीर राहिला. आज त्याचा राजा म्हणजे तुमच्याआमच्यासारखा, महिन्याच्या हिशेबाची वही ठेवणारा गृहस्थ होय. एका दृष्टीने हे बरेच झाले, कारण हा राजा निदान स्वतःच्या कष्टाचे देतो.

खादीच्या इतिहासात हाच प्रश्न अधिक उघडपणे आला होता. गिरणीच्या कापडापुढे खादी महाग, हे महात्माजींनी कधी लपविले नाही. उलट १९३५ मध्ये, कातणाऱ्या बायकांना पोटापुरती मजुरी मिळालीच पाहिजे असा आग्रह त्यांनी धरला आणि चरखा संघाने तो मान्य केला. त्यामुळे खादी आणखी महागली. खप कमी होईल, ही भीती खोटी नव्हती. पण कातणारीला उपाशी ठेवून मिळणारी स्वस्ताई त्यांना नको होती.

येथे आपल्या मनातील एक सूक्ष्म दोष पाहिला पाहिजे. जास्त किंमत दिली की आपण काही दान केले, कलेवर उपकार केले, असे आपल्याला वाटू लागते. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत, आणि फळावर किंवा परतफेडीवर डोळा ठेवून दिलेले दान भगवंतांनी राजस ठरविले आहे. पण मला तर वाटते, येथे दानाचा प्रश्नच नाही. ज्याने आठ दिवस खपून वस्तू केली, त्याला आठ दिवसांचे अन्न देणे हे दान कसले? ते तर देणे आहे. देणे फेडून दाता म्हणून मिरविणारा मनुष्य घासाघीस करणाऱ्याहून फारसा वेगळा नाही. घासाघीस करणारा कारागिराचे पैसे कापतो, तर हा त्याचा मान कापतो.

मात्र देशकालपात्राचा विवेकही त्याच अध्यायात आहे. स्वदेशीच्या नावाखाली कागदी वर्खाला सोने म्हणून विकणारा दुकानदारही स्वदेशीच असतो! सोने खरे की खोटे, चित्र कोणी केले, त्यातले त्याच्या हाती किती पडते, हे विचारणे कद्रूपणा नव्हे. तंजावूरच्या चित्रांना व वीणेला भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण मिळाले आहे, तरी चौकशीचे कष्ट ग्राहकाचे चुकत नाहीत. आणि तंजावूरला महाग चित्र घेऊन घरी परतल्यावर मोलकरणीचा पगार अडवून ठेवणाऱ्याने तर आपले कर्तव्य दुसऱ्याच्या पोटावर ढकलले, असेच म्हणावे लागेल. यात्रेकरूच्या बाबतीतही तेच. ज्या गावाला आपण उत्पन्न देतो असे मानतो, त्याच गावाचे पाणी आपण वापरतो, कचरा तेथे टाकतो, आणि जेथे आजही पूजा चालते त्या देवळात गर्दी करून स्थानिक भक्ताला मागे सारतो. हा खर्च आपल्या वहीत लिहिला जात नाही.

आमच्या सोबतच्या गृहस्थांनी चित्र घेतले नाही. छापील तर नाहीच घेतले. दुसऱ्या दुकानात मान डोलावणारी एक रंगीत बाहुली होती. विकणाऱ्याने सांगितले तेवढे पैसे त्यांनी मोजून दिले आणि ती मुलासाठी पिशवीत ठेवली. बाई वाटेत म्हणाल्या, "पुढच्या खेपेस जमेल." मुलाचे शिक्षण संपेपर्यंत ती खेप येण्याचा संभव नाही, हे दोघांनाही ठाऊक होते.