शृंगार कोणासाठी?

बीदर जिल्ह्याच्या औराद तालुक्यात चिंताकी हे गाव आहे. त्या सीमाभागात पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी होते. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेले खांदे तूप-हळदीने चोळले जातात. दुसऱ्या दिवशी शिंगांना रंग चढतो, त्यावर बेगड लागते, पाठीवर झूल पडते. या बेगडीमुळे नांगराचा फाळ बोटभरही अधिक खोल जात नाही. तरीही हा खर्च वायफळ आहे असे म्हणणारा शेतकरी आम्हांस अद्याप भेटलेला नाही.

असाच एक निरुपयोगी शृंगार दूरदेशी एकदा फार गाजला. १९४८ साली अमेरिकेतील कॅडिलॅक मोटारीच्या मागील अंगास दोन लहान पंख फुटले. जनरल मोटर्सचे रचनाप्रमुख हार्ली अर्ल यांच्या मनात ती कल्पना लॉकहीड पी-३८ या लढाऊ विमानाच्या शेपटावरून आली होती. पुढे अन्य कारखानदारही त्या चढाओढीत उतरले आणि १९५९ च्या कॅडिलॅकवर पंखांनी उंचीची परमावधी गाठली. सुमारे पावणेएकोणीस फूट लांबीची ती गाडी त्या पंखांनी अर्थातच उडत नव्हती.

मग बेगड आणि पंख यांत भेद कोणता? निरुपयोगी सौंदर्य हेच पाप मानले, तर देवळाचा कळस आणि पालखीचे गोंडे यांनाही निरोप द्यावा लागेल. तसे आम्हांस मान्य नाही. शृंगाराचा रोख कोणाकडे आहे, यावरच त्याची परीक्षा व्हावी.

पोळ्याचा शृंगार कष्टणाऱ्याच्या अंगावर चढतो. ती ऋणाची कबुली आहे. मोटारीचे पंख मात्र चालविणाऱ्याच्या पाठीशी असतात. त्याची दृष्टी पुढे असते. ते दिसतात मागे राहिलेल्याला, आणि त्याने आपले मागे राहणे विसरू नये, हीच त्यांची कामगिरी. दरसाल नवा नमुना काढावा आणि गतसालच्या ग्राहकाला आपली गाडी जुनी वाटावी, हे तर त्या व्यापाराचे उघड धोरण होते. तेथे विक्रीस ठेवलेली वस्तू मोटार होती खरी, पण पेरले जात होते ते असमाधान. राल्फ नेडर यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अशा टोकदार पंखांवर आदळून मुले दगावल्याची नोंद केली. गाडीबाहेरच्या माणसाचा विचारच ज्या शृंगारात नाही, त्याचा शेवट असा व्हावा यात नवल ते काय?

याच्या उलट मुंबईकडे पाहावे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमिअर कंपनीच्या कुर्ल्यातील कारखान्यातून जी फिआट, म्हणजे पुढची पद्मिनी, बाहेर पडली, तिलाही मागे इवलेसे पंख होतेच. पण ती काळ्या-पिवळ्या रंगात टॅक्सी होऊन राबली. तिने कितीएक संसार पोसले. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली, तेव्हा लोक हळहळले. पंखांचा कोणाला राग नव्हता, कारण ते पंख कोणाला हिणवीत नव्हते.

हुमनाबादेस वीरभद्रेश्वराचा आणि गोव्यात मंगेशीचा रथ निघतो. कॅडिलॅकहून तो अधिक नटलेला असेल. पण त्याचा दोर पुष्कळांच्या हातांत असतो, आणि सजावट ज्याच्यासाठी आहे तो देव सर्वांचा असतो.

तथापि येथे आम्ही स्वतःलाही प्रश्न विचारला पाहिजे. देवाच्या नावापेक्षा दात्याचे नाव मोठ्या अक्षरांत कोरलेली संगमरवरी फरशी, शेजारच्या गावाहून आपला रथ हातभर उंच हवा म्हणून काढलेली वर्गणी, ती न देता येणाऱ्याने खाली घातलेली मान, हे आमचे पंख नव्हेत काय? गीतेच्या सोळाव्या अध्यायात दंभ आणि दर्प यांची गणना आसुरी संपत्तीत आहे. ती संपत्ती गाभाऱ्याच्या दाराशीही वास करू शकते.

म्हणून देवळात नवी चांदी चढविण्यापूर्वी आम्ही एवढेच पाहावे: ती पाहून सर्वांत मागे उभ्या असलेल्या माणसाला देव जवळ आला असे वाटेल, की आपणच दूर लोटले गेलो असे वाटेल?