सडव्याची नीती

महात्मा गांधी १९३६ साली वर्ध्याजवळच्या शेगावी, म्हणजे आजच्या सेवाग्रामी, राहावयास आले. त्यांच्या वास्तव्याचा मान राखून वर्धा जिल्ह्यात १९७०च्या दशकापासून दारूबंदी आहे, आणि ती असावी असेच मला वाटते. तरीही नदीकाठच्या झुडपांतून मोहाचा सडवा पोलिसांनी नष्ट केल्याची बातमी वर्तमानपत्रात वारंवार येते. ती वाचताना एक अवघड प्रश्न मनात उभा राहतो. जे काम करूच नये, ते करणाऱ्यावर ते चोख करण्याचे बंधन उरते काय?

संत थॉमस अक्वायनस यांनी कला आणि विवेक यांत भेद केला आहे. वस्तू घडविताना लागणारी योग्य बुद्धी म्हणजे कला. आचरणात लागणारी ती विवेक. उत्तम सुतार सज्जन असतोच असे नाही. या न्यायाने भट्टीवाल्यालाही त्याच्या कलेच्या कसोटीवर तपासता येईल.

मोहाच्या वाळलेल्या फुलात निम्म्याहून अधिक साखर असते. ती पाण्यात उतरते आणि डोळ्यांना न दिसणारे किण्व तिचे मद्य करते. माणसाच्या हाती फार थोडे: भांडे स्वच्छ ठेवणे, ऊब सांभाळणे, थांबणे. पौषाच्या थंडीत सडवा निजून राहतो. वैशाखात तापलेल्या ड्रममध्ये किण्वच मरते. गूळ बेसुमार पडला तर त्या गोडीनेच ते खुंटते. भांडे घाण असेल तर सारे आंबट होते.

हे शेवटचे कोडे फ्रान्समधील लील शहरी उलगडू लागले. १८५६ साली तेथील एका कारखानदाराची, बिटापासून मद्यार्क काढण्याची पिंपे नासू लागली. त्याने लुई पाश्चर यांना बोलावले. पाश्चरांना सूक्ष्मदर्शकाखाली चांगल्या पिंपात गोल पेशी दिसल्या, नासलेल्यात काडीसारखे जंतू. त्या कारखानदाराने आपली नासलेली पिंपे लपविली नाहीत, हे मला यातले सर्वांत मोलाचे वाटते.

झुडपातल्या माणसाला ही मुभा नाही. सडवा उठला नाही तर तो विचारणार कोणाला? मग नवसागर टाकला जातो. (त्यातले नत्र किण्वाला पोसते हे खरे, पण माप सांगणारा कोणी नसतो.) याहून भयंकर तो, जो आंबण्याची वाटच पाहत नाही. जून २०१५ मध्ये मुंबईतील मालवणीत शंभरहून अधिक माणसे मेली, ती मिथेनॉल मिसळलेल्या दारूने. ते कारखान्यात वापरले जाणारे विष होते. कोणाच्या सडव्याची ती चूक नव्हती.

चोखपणाची अपेक्षा धरणे म्हणजे भट्टीला प्रतिष्ठा देणे, असा आक्षेप येईल. मला तो पटत नाही. कायदा मोडणाऱ्याचा पिणाऱ्याशी असलेला शेजारधर्म तुटत नाही. निष्काळजीपणाने पहिल्या अपराधावर दुसरा चढतो, एवढेच. म्हणून पापनिवेदनास आलेल्याने भट्टी लावल्याचे सांगितले, तर ‘ती बंद कर’ एवढे म्हणून धर्मगुरूने थांबू नये. ‘त्यात काय घातलेस, आणि ते कोणी प्यायले?’ हेही त्याने विचारले पाहिजे.