एक दाणा

ओंटारिओतल्या एका लहान गावी, लेकीच्या घरी, हा माझा तिसरा हिवाळा. इथला सूर्य उशिरा उगवतो आणि उगवला तरी त्याच्या प्रकाशात ऊब नसते. अशा वेळी स्वयंपाकघराच्या खिडकीशी चहा घेऊन बसावे आणि मेपलच्या निष्पर्ण फांदीला टांगलेल्या, सूर्यफुलाच्या बियांनी भरलेल्या नळीकडे पाहत राहावे, हा माझा नित्यनेम झाला आहे.

पहिली येते ती काळ्या टोपीची चिकडी. आपल्याकडे टिटवी हे नाव स्वरातून जन्मले, तसेच हिचेही; संकट जितके गंभीर, तितके तिच्या हाकेतले शेवटचे ‘डी’ वाढत जातात. वजन जेमतेम अकरा-बारा ग्रॅम. ती नळीवर ठाण मांडून खात नाही. एकच बी उचलते, फांदीवर जाते, दोन्ही पायांत ती घट्ट धरते आणि चोचीने ठकठक घाव घालत टरफल फोडते. कधी न खाताच सालीच्या भेगेत दडवते, आणि ती जागा तिला पुढे कित्येक दिवस स्मरते. रात्री देहाचे तापमान दहा-बारा अंशांनी उतरवून, दिवसभरात साठवलेली चरबी जाळत ती पहाट गाठते. संध्याकाळी मिळवलेले सकाळपर्यंत पुरायचे, इतकाच तिचा हिशेब. ‘उद्या’ या शब्दाचे मोल इतक्या काटेकोरपणे जाणणारे दुसरे कोणी माझ्या परिचयात नाही.

मग खारी येतात. इथल्या करड्या खारींपैकी अनेक पूर्ण काळ्या असतात. कोणी पाहत असेल तर त्या नुसतेच उकरून दाणा पुरल्याचा देखावा करतात आणि तो तोंडात तसाच घेऊन दुसरीकडे जातात. संचय आला की संशयही येतो. तो काही केवळ माणसाचा वारसा नव्हे.

पाखरांची ही वाट पाहणे मला नवे नाही. आजी जेवणाआधी परसातल्या भिंतीवर काकबळी ठेवी आणि कावळ्याने घास घेईपर्यंत पानाला हात लावत नसे. त्या वयात मला वाटे, आजी कावळ्याला जेवू घालते. या खिडकीशी बसल्यावर उमगू लागले, की त्या क्षणी याचक आजीच होती: कोणीतरी यावे, आपले देणे स्वीकारावे, आणि दिसेनाशा झालेल्या माणसांशी असलेला धागा अजून तुटलेला नाही एवढे तिला कळावे.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या रानात चिकडींवर झालेला एक अभ्यास 1988 मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे दाणे ठेवले होते तिथल्या 69 टक्के चिकडी हिवाळा पार करून गेल्या. जिथे नव्हते तिथल्या 37. हे वाचून माझा हात नकळत बियांच्या पिशवीकडे गेला होता. पण विस्कॉन्सिनमधलाच दुसरा निष्कर्ष मला अधिक प्रिय आहे: दाणे सहज मिळत असूनही त्या आपल्या गरजेचा जेमतेम पाचवा हिस्सा तिथून घेत, बाकीचे रानातूनच शोधत, आणि वर्षानुवर्षांचा तो आधार काढून घेतल्यावरही त्या इतरांइतक्याच तगल्या. घेऊनही मिंधे न होणे माणसांत किती दुर्मीळ आहे! आपण देतो तेव्हा घेणाऱ्याने आपल्यावाचून अडून राहावे अशी एक सूक्ष्म लालसा त्या देण्यात मिसळलेली असते. चिकडी तिला वावच देत नाही. एक दाणा घेते आणि जाते.

तिला माझी गरज थोडी. माझी जबाबदारी मात्र पुरी. एकाच नळीवर अनेक चोची लागतात, त्यातून फिंच पक्ष्यांत डोळ्यांचा संसर्ग पसरतो, आणि प्रेमाने ठेवलेला दाणा विषासारखा बाधतो. म्हणून आज सकाळी उणे अठरा अंशांत बाहेर जाऊन मी नळी काढून आणली, गरम पाण्याने घासून धुतली, पूर्ण वाळवली आणि भरून पुन्हा टांगली. तुम्हीही कुठे दाणे ठेवत असाल, तर ते भांडे धुवायला विसरू नका.