आईच्या गावात

परवा आमच्या नातवाच्या हातून पणतीतले तेल नव्या सतरंजीवर सांडले आणि त्याच्या तोंडून सहज उद्गार निघाला, "आईच्या गावात!" सूनबाईंनी डोळे वटारले. पोरगा गोंधळला. त्याच्या दृष्टीने त्याने काहीच वावगे म्हटले नव्हते. आईचे गाव म्हणजे आजोळ. आजोळात वाईट ते काय असणार? मला मात्र हसू आवरेना. माझ्या आईचे गाव तेल्हारा, आणि शिव्यांविषयी मला जे काही थोडेफार कळले आहे ते मी त्याच गावात शिकलो.

दिवाळीचा अंक घरात लहानथोर सगळेच वाचतात, तेव्हा मी शब्द जपूनच वापरीन. पण विषय मात्र टाळणार नाही. टाळावा असा तो नाही. नातवाच्या त्या उद्गाराचा जन्म कसा झाला असेल हे जाणत्यांना सांगायला नको. जीभ एका वाटेने निघाली होती. मध्येच कुणी वडीलधारे दिसले असावे, आणि जिभेने घाईघाईने गावाकडचा रस्ता धरला. 'च्यायला' या आपल्या अत्यंत लाडक्या शब्दाची कुळकथाही अशीच. 'तुझ्या आईला' यातला 'तुझ्या' झिजला, 'आई' अर्धी राहिली, आणि जे उरले ते आज देवपूजा आटोपून उठलेले आजोबाही, चष्मा सापडला नाही म्हणजे बिनदिक्कत उच्चारतात. त्यांना विचारा, "कुणाच्या आईला?" ते तुमच्याकडे बघतच राहतील. पुढे 'च्यामारी' झाले, 'आयला' झाले, आणि हल्लीची शहरी पोरे तर एका भयंकर हिंदी शिवीच्या पहिल्याच अक्षरावरून उडी मारून 'भेंडी' म्हणतात. बिचारी भाजी!

ही कसरत काही आपणच करतो असे नाही. फ्रेंच माणसाला रागाच्या भरात देवाचे नाव घ्यायचे होते, पण पाप लागेल म्हणून त्याने देवाच्या जागी निळा रंग बसवला, आणि 'पारब्ल्यू' असा शब्द झाला. प्रत्यक्ष सॉक्रेटिस मोठ्या वादाच्या भरात कुत्र्याची शपथ घेत असे, असे प्लेटोने लिहून ठेवले आहे. इंग्लंडात १६०६ साली रंगभूमीवर देवाचे नाव थट्टेने घेणाऱ्याला दहा पौंड दंडाचा कायदा झाला. पण यात एक फरक माझ्या ध्यानात येतो. त्यांची शिवी बरीचशी देवाला धरून. आपली आईबहिणीला धरून. आमचे एक विद्वान स्नेही यावर मोठ्या अभिमानाने म्हणतात, "पाहा! माणूस शिवीत तेच ओढतो, जे त्याला सर्वांत पवित्र असते. आपल्याकडे आई देवाच्या जागी आहे, हेच यातून सिद्ध होते." वाक्य ऐकायला गोड आहे. पण देवाला शिवी लागत नाही. आईला लागते. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

दिवाळीत आम्ही अकोल्याहून अकोटमार्गे एसटीने तेल्हाऱ्याला जात असू. तोवर शेतात सीतादही होऊन कापसाची वेचणी लागलेली असे. उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ, आणि मामाच्या ओसरीवर कापसाचा ढीग. आम्ही पोरे त्यात उड्या मारीत असू आणि आजीचे बोलणे खात असू. तिच्या बोलण्यात 'मेल्या', 'मुडद्या', 'बह्याडा' यांना तोटा नव्हता. तिच्या आणि आजूबाजूच्या सगळ्याच बायकांच्या शिव्या ऐकणाऱ्याला मरण तरी देत, नाहीतर वेडा तरी ठरवीत. पण जे काही द्यायचे ते त्याचे त्यालाच. पुरुषांचे तसे नव्हते. ते रागावत एकावर आणि बोलत तिसरीलाच.

मामाचे तोंड तर सबंध आळीत प्रसिद्ध होते. माणूस वाईट नव्हता, पण बैल, पाऊस, व्यापारी आणि सालदार या चौघांशी तो एकाच भाषेत बोले. (तसे म्हणणेही खरे नाही. व्यापाऱ्याशी तो त्याच्या पाठीमागे तसे बोले.) एके संध्याकाळी ओसरीवर काटा टांगून वेचणीच्या बायकांचा कापूस मोजणे चालले होते. सालदाराच्या हातून काट्याची साखळी सुटली आणि पारडे मामाच्या पायावर आले. मामा ओरडला. काय ओरडला ते सांगत नाही. तो रोजच तसे ओरडे. त्या दिवशी फरक इतकाच, की सालदाराची आई वेचणीला आली होती आणि आपले गाठोडे डोक्यावर घेऊन काट्यापुढे उभी होती.

कुणी काही बोलले नाही. सालदाराने साखळी उचलली. त्याच्या आईने गाठोडे काट्यावर ठेवले आणि खाली बघत म्हटले, "मालक, वजन करा." मग आतून आजी आली. तिचा आवाज चढला नाही, म्हणूनच मला तो अजून ऐकू येतो. "त्याची माय अठीच उभी हाये. तिनं काय केलं तुह्यं?"

आजीचा हा प्रश्न विचारायला आपल्याला फार उशीर झाला आहे. आपल्याकडे शिवीला 'गाळ' असा जुना शब्द आहे. वऱ्हाडात 'ळ'चा 'य' होतो म्हणून तिथे 'गाया' देतात. हाच शब्द 'गधेगाळ' या नावात आहे. शिलाहार-यादवांच्या काळापासून राजाने जमीन दान दिली की तिथे शिळा उभी करीत. वर चंद्रसूर्य, म्हणजे ते असेपर्यंत दान चालावे. आणि खाली एक गाढव आणि एक स्त्री. हे दान जो मोडील त्याच्या आईची अशी गत होवो, हा त्या चित्राचा अर्थ. मुंबईतल्या परळ येथे सापडलेला ११८७ सालचा शिलाहार लेख मुख्यतः संस्कृतात आहे, पण ही शिवी मात्र मराठीत कोरली आहे. पंडितांना कळावे ते संस्कृतात, आणि सर्वांना कळावे ते मराठीत! अभ्यासक या ओळीकडे जुन्या मराठीचा नमुना म्हणून पाहतात, ते योग्यच आहे. पण मला त्या दगडावरची बाई दिसते. दान मोडणारा उद्याचा कुणी अधिकारी. त्याचा अजून पत्ता नाही, गुन्हा अजून घडलेला नाही, आणि शिक्षा झालेली बाई आठशे वर्षे उन्हापावसात उभी आहे. तिनं काय केलं होतं?

त्याच शतकांत, तेल्हाऱ्याहून फार लांब नाही अशा रिद्धपुरात श्रीगोविंदप्रभू राहत होते. म्हाइंभटांनी लिहिलेल्या त्यांच्या चरित्रात ते भक्तांना उठल्याबसल्या 'मेला जाय' म्हणतात, आणि भक्त ते प्रसादासारखे झेलतात. आता त्या रिद्धपुरात मराठी भाषेचे विद्यापीठ आले आहे. दगडावरची मराठी आणि रिद्धपूरची मराठी एकाच काळातल्या. शब्द दोन्हीकडे कठोर. तरी एक ऐकून मान खाली जाते आणि दुसरी ऐकून माणसे जवळ येतात. आजीचे 'मुडद्या' या दुसऱ्या घराण्यातले.

मग शिवीला पर्यायी शब्द योजणे म्हणजे काय? चोराला धोतर नेसवून सभ्य करणे? माझे स्नेही तसे म्हणतात. राग तोच, आवाज तोच, मग शब्द बदलून काय साधले? काही अंशी हे खरे आहे, आणि ते मी मामाच्याच घरी पाहिले. आजीच्या त्या प्रश्नानंतर मामाने आईबहिणीचे नाव टाकले. निदान घरात तरी टाकले. पण राग कुठे ठेवायचा? मग त्याने शेतातली अवजारे आणि गोठ्यातला माल शिवीच्या कामी लावला. "अरे सरकीच्या!" "तिफणीच्या!" "ढेपीच्या, कुटाराच्या, पऱ्हाटीच्या बोंडा!" आम्हा पोरांना तर पर्वणीच झाली, आम्ही दिवसभर एकमेकांना सरकीच्या म्हणत हिंडलो. पण दोनतीन वर्षांत त्या शब्दांनाही धार आली. मामाने दात आवळून 'सरकीच्या' म्हटले की सालदार पूर्वीसारखाच दचके. शब्द धुतला तरी हात तोच होता. आणि मामा 'सरकीच्या' तरी कुणाला म्हणे? सालदाराला. सरकी विकत घेणाऱ्याला नव्हे.

इथे मला साताऱ्याकडची एक रीत आठवते. खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी ही दोन गावे आहेत. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावच्या बायका मधल्या ओढ्याच्या दोन काठांवर जमतात आणि वाद्यांच्या गजरात हातवारे करून एकमेकींना शिव्या घालतात. याला 'बोरीचा बार' म्हणतात. एका पाटलाच्या दोन बायकांच्या भांडणातून हे सुरू झाले अशी आख्यायिका आहे. तिथल्या शिव्या सोवळ्या असतात असे मुळीच नाही. पण त्या ओढ्याच्या दोन्ही काठांवरून येतात, हे महत्त्वाचे. जिला शिवी मिळते ती समोर उभी असते, तिला तोंड असते, आणि तिची पाळी लगेच येते. आमच्या सालदाराच्या आईला ओढ्याचा दुसरा काठच नव्हता.

नोव्हेंबर २०२४ मध्ये नेवासे तालुक्यातल्या सौंदाळा गावाने ग्रामसभेत ठराव केला, की आईबहिणीवरून शिवी देणाऱ्याला पाचशे रुपये दंड. काही लोक हसले. जीभ का दंडाने वळते, म्हणाले. मला हसू आले नाही. दंडाने जीभ वळेल की नाही ते सांगता येणार नाही, पण गावाने एकत्र बसून आजीचाच प्रश्न विचारला, आणि त्याची नोंद वहीत केली. परळच्या शिळेला इतक्या वर्षांनी कुणी तरी लेखी उत्तर दिले म्हणायचे.

माझ्या स्नेह्यांना मात्र मी आजवर पटेल असे उत्तर देऊ शकलो नाही. युक्तिवाद त्यांचा चोख आहे. माझ्यापाशी फक्त एक गोष्ट आहे, तीही फार मोठी नाही.

साखळीच्या त्या प्रसंगाला चारपाच वर्षे झाली असतील. कापसाची बंडी घरी आणायची होती. त्या दिवशी मामाला काय लहर आली कोण जाणे, कासरा त्याने स्वतःच्या हाती घेतला. सालदार बाजूने चालत होता. आम्ही दोन भाचे आणि सालदाराची आई मागे कापसाच्या गाठोड्यांवर. नाल्याच्या उतारावर मामाने बैल चुकीच्या अंगाला दाबले, चाक काठावरून घसरले, आणि सबंध बंडी कलंडायला आली. सालदार धावत पुढे झाला, चाकाला खांदा लावला, आणि त्याच्या तोंडून मोठ्याने निघून गेले,

"ओ सरकीचे मालक! डाव्या अंगाचा कासरा ओढा ना!"

क्षणभर बैलांच्या घंटासुद्धा थांबल्यासारख्या वाटल्या. सालदाराचा चेहरा पांढरा पडला. मामाने त्याच्याकडे पाहिले, तोंड उघडले, मिटले, आणि डाव्या अंगाचा कासरा ओढला. बंडी वर आली. पुढे बराच वेळ कुणी बोलले नाही. मी मागे वळून पाहिले, तर सालदाराची माय पदराचा बोळा तोंडाशी धरून, गाठोड्याला टेकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती.